यादी मुलीची नव्हती

बडोद्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मजकूर थोडक्यात असा:

वय ४६. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मेंटेनन्सचं काम. घरी पत्नी आणि यंदा दहावीत गेलेली मुलगी. गेली काही वर्षं, घरातले झोपले की हे गृहस्थ हेडफोन लावून शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींच्या प्रेमाचे पिक्चर बघतात. इंग्रजी, हिंदी, अधूनमधून कोरियन. ‘चिक फ्लिक’ म्हणून लोक ज्यांच्याकडे बघून नाक मुरडतात, तेही. घरात कुणाला पत्ता नव्हता. मे महिन्यात मॅच बघायला मित्रमंडळी जमली. टॉसला अवकाश होता म्हणून कुणीतरी रिमोट उचलून ओटीटीचं ॲप उघडलं आणि अर्धवट बघून ठेवलेल्या पिक्चरांची अख्खी रांग टीव्हीवर आली. गुलाबी पोस्टरं, गालाला गाल लावलेली जोडपी. “आ तो छोकरीओनां पिक्चर छे, यार!” एकजण ओरडला. हे पटकन म्हणाले, “माझं नाही रे, मुलीचं आहे. तीच बघत बसते.” मुलगी तेव्हा कोकम सरबताचा ट्रे घेऊन दारात उभी होती. एका मित्राने तिला दहावीच्या वर्षावरून उपदेश केला. तिच्या आईनेही ते मनावर घेतलं. टीव्हीला पिन बसली, मुलीचा मोबाईल रात्री नऊनंतर आईच्या उशाशी जाऊ लागला. मुलगी काही बोलली नाही. तेव्हापासून वडिलांशी कामापुरतंच बोलते.

“पुरुषाने असले पिक्चर बघणं शोभतं का? ही सवय सोडायची कशी? मित्रांना खरं सांगावं का? माझ्यातच काही कमी आहे का?” असं पत्राच्या शेवटी विचारलं आहे.

*

नमस्कार.

तुमचे चारही प्रश्न तुमच्याबद्दलचे आहेत. मुलीबद्दल एकही नाही. पत्रातल्या सगळ्यात जास्त ओळी मात्र तिच्यावरच खर्च झाल्यात. ट्रेमध्ये कोकम सरबत होतं, हेसुद्धा तुम्ही लिहायला विसरला नाहीत. त्यामुळे खुपतंय कुठे, हे तुम्हाला माहीत आहे असं मी धरून चालते. तिच्याकडे येतेच. आधी तुमचा ‘शोभतं का’ निकालात काढू.

तुम्ही गृहीत धरलंय की हे पिक्चर पोरीबाळींचे आणि तुम्ही तिथे चोरून शिरलात. मग ते बनवतं कोण? ‘बॉबी’ १९७३ साली आला तेव्हा राज कपूर ४८ वर्षांचे होते, तुमच्याहून दोन वर्षांनी मोठे. कथा लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास साठीला टेकलेले. पटकथेला त्यांच्या जोडीला व्ही. पी. साठे. दोन कोवळ्या पोरांचं प्रेम, आईबापांचा विरोध, पळून जाणं, हे सगळं या पोक्त मंडळींनी बसून रचलं. त्यात त्यांना कमीपणा वाटला असं काही दिसत नाही. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात शाळकरी मुलांच्या पिक्चरांना वळण लावणारा जॉन ह्यूज हाही बाप्या माणूसच. त्याच्या ‘सिक्स्टीन कॅन्डल्स’मध्ये (१९८४) एका मुलीचा सोळावा वाढदिवस घरचे साफ विसरतात आणि पिक्चरभर आपण तिच्या नजरेने बघत राहतो. ‘नॉटिंग हिल’ (१९९९) लिहिला रिचर्ड कर्टिसने. पुरुषांनी लिहायचे, पुरुषांनी दिग्दर्शन करायचं, आणि पुरुषाने बघितले की मात्र शोभत नाही, हा हिशोब मला तरी जमत नाही.

घरचंच उदाहरण घ्या. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आलं. गोष्ट काय? मुलीचं लग्न भलत्याशीच ठरलंय, तिचं मन दुसऱ्यावर आहे, एक भाऊ हट्टाला पेटलेला आणि दुसरा आतून सामील. आजच्या कुठल्याही रोमँटिक कॉमेडीत सहज खपेल. त्यात सुभद्रा व्हायचे भाऊराव कोल्हटकर, आपल्या बडोद्याहून गेलेले. समोर बसणारे कोण? नाटकाला तेव्हा बायका फारशा जात नसत. पगड्या आणि पिळदार मिशाच जास्त. त्या मिशीवाल्यांनी प्रेमाची पदं पाठ केली आणि घरी येऊन मोठ्याने म्हटली. पुढे गंधर्व नाटक मंडळीला तर खुद्द सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. तुमच्या पणजोबांपैकी कुणी ‘सौभद्र’ला गेले असतील, तर ‘बायकोने ओढून नेलं’ अशी सबब त्यांनी नक्कीच सांगितली नसणार.

इतकं मागे नको जायला? बरं. २०१६ चा ‘सैराट’ तुमच्या मंडळातल्या किती मराठी मित्रांनी लपूनछपून बघितला? शेवट सुन्न करणारा आहे हे खरं, पण मध्यंतरापर्यंत तो कॉलेजातल्या पोरापोरींच्या प्रेमाचाच पिक्चर आहे, आणि त्यातल्या गाण्यांवर थिएटरात नाचणारे बहुतेक बाप्येच होते. मॅचवाल्या मंडळींना आणखी एक आठवण करून द्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर सचिनने निरोपाचं भाषण केलं तेव्हा घरोघरी पुरुष डोळे पुसत टीव्हीसमोर बसले होते. तेव्हा कुणी कुणाला हसलं नाही. एक हिरो तीस गुंडांना हवेत उडवतो तो पिक्चरही कुणी लपवत नाही. ठरलेला साचा तिथेही आहे, उलट जास्तच ठरलेला.

तेव्हा तुमच्यात काही कमी नाही. हा प्रश्न मी इथेच सोडते.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मात्र मला थांबावं लागलं. तुम्ही लिहिता, “मला माहीत आहे, हे पोरींच्या डोक्याचे बिनडोक पिक्चर आहेत.” समजा त्या दिवशी टीव्हीवर मारधाडीच्या पिक्चरांची रांग निघाली असती, तर तुम्ही ती मुलीच्या नावावर घातली असती का? गरजच पडली नसती. म्हणजे ज्या गोष्टीची तुम्हाला लाज वाटली, ती तिला मात्र शोभून दिसते, असं तुम्ही चारचौघांत सांगितलंत. दारात उभ्या असलेल्या मुलीने एका दमात दोन गोष्टी ऐकल्या. बाबा स्वतःची अब्रू राखायला आपलं नाव पुढे करतात, ही एक. दुसरी, आपल्यासारख्या मुलींना जे आवडतं ते बाबांच्या लेखी हसण्यावारी न्यायचं असतं.

दुसरी गोष्ट तिला नवीन नसणार. पंधरा वर्षांच्या मुलीला ते उठताबसता ऐकावं लागतं. तिची गाणी म्हणजे कटकट, तिचे हिरो म्हणजे बायकी, ती वाचते त्या कादंबऱ्या म्हणजे वेळेचा नास. मुलगा रात्री दोनपर्यंत जागून परदेशातली मॅच बघत असेल तर तेच घर पाहुण्यांना कौतुकाने सांगतं. हे सगळं तिने शाळेत, नात्यात, शेजारात पचवलं असेल. ते बाबांकडून येईल असं तिला वाटलं नसावं, आणि तेही बाबा स्वतः तेच पिक्चर आवडीने बघत असताना.

शिवाय ‘बिनडोक’ म्हणण्याआधी थोडं सबुरीने घ्या. ‘क्लूलेस’ (१९९५) ही जेन ऑस्टेनची ‘एमा’ आहे, १८१५ सालची, अमेरिकेतल्या श्रीमंत पोरांच्या शाळेत नेऊन ठेवलेली. ‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’ (१९९९) शेक्सपिअरच्या ज्या नाटकावर बेतलाय, त्याचंच वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी मराठीत ‘त्राटिका’ केलं. पुन्हा त्या पगड्या आल्याच. सगळेच असे असतात असं मी म्हणत नाही. बरेचसे टुकार असतात. शाळा असते पण कुणी शिकवत नाही, चष्मा काढला की मुलगी एकदम सुंदर दिसू लागते, आणि विमानतळावर बिनतिकिटाने कुठपर्यंतही धावत जाता येतं. पण टुकार पिक्चर टुकार म्हणून नावडावा, पोरींचा म्हणून नाही.

आता काय करायचं ते.

आधी मुलगी. एकटी असताना, घरात, शांतपणे. क्लासला सोडताना स्कूटरवर नको, निम्मं वाऱ्यात जातं आणि उतरल्यावर तिला पळायचं असतं. शब्द साधे ठेवा. “त्या दिवशी मी तुझं नाव घेतलं. ते पिक्चर मी बघत होतो. मला लाज वाटली म्हणून खोटं बोललो आणि बोलणी तुला खावी लागली. माझं चुकलं.” एवढं बोलून गप्प बसा. यानंतर तुमच्या तोंडात ‘पण’ येईल. पण दहावीचं वर्ष आहेच ना, पण तूही बघतेसच की. तो गिळा. माफ केलंस ना, असं लगेच विचारू नका. त्याने उत्तर देण्याचं ओझं पुन्हा तिच्यावरच पडतं. ती चिडेल. कदाचित म्हणेल, “मला माहीतच होतं.” तुमचं प्रोफाइल एकच आहे असं तुम्ही लिहिलंय. आपण न बघितलेले पिक्चर त्यात अर्धवट दिसतात आणि घरात रात्री जागणारं माणूस एकच आहे, हे तिला केव्हाच कळलेलं असू शकतं. तसं असेल, तर इतके दिवस तिने तुम्हाला आईसमोर उघडं पाडलेलं नाही, हे लक्षात घ्या.

आणखी एक धोका आहे. चूक कबूल केल्याच्या भरात “चल, आता आपण दोघं मिळून बघू” असं काही बोलून बसाल. नको. दहावीतल्या मुलीला चुंबनाच्या प्रसंगात बाबा शेजारी नको असतात आणि तुम्हालाही ते दोन मिनिटं जड जातील. तिने बोलावलं तर बसा. बसलात तर शिकवण्या देऊ नका. विचारायचंच असेल तर एक विचारा. यातल्या बऱ्याच पिक्चरांत, विशेषतः आपल्या जुन्या हिंदीत, मुलगी नाही म्हणत असताना तिच्या मागे लागण्याला प्रेम म्हटलं आहे. तिला त्याबद्दल काय वाटतं? मग ऐका. तिचं मत तुमच्यापेक्षा तयार असेल, कारण रस्त्यावरून ती चालते.

मग त्याच दिवशी पत्नीला सांगा, आणि सांगितलंत हे मुलीला कळू द्या. त्यांनी टीव्हीला पिन लावली ती तुमच्या शब्दावर विसंबून. रात्री नऊनंतर मोबाईल नको हा नियम दहावीच्या वर्षात कदाचित योग्यच असेल. तो ठेवायचा की नाही हे तिघांनी मिळून ठरवा, पण मुलीने न केलेल्या गोष्टीची शिक्षा म्हणून तो राहता कामा नये. पत्नीबद्दल तुम्ही लिहिता, “तिला असलं काही आवडत नाही, ती मालिका बघते.” विचारलंय कधी? का तुमच्या मित्रांनी तुमच्याबद्दल जसं ठरवलं, तसंच तुम्हीही त्यांच्याबद्दल ठरवून टाकलंत?

मित्रांना सांगायचं का, या प्रश्नाचं उत्तर खरं तर तुमच्या आवडीशी जोडलेलंच नाही. तुम्ही नुसतेच अवघडून हसला असतात आणि विषय बदलला असतात, तर मी म्हटलं असतं, काही सांगू नका, कुणाला काय करायचंय. पण तुम्ही तिचं नाव घेतलंत, म्हणून ते जिथे घेतलं तिथेच मागे घ्यायला हवं. रविवारी सकाळी सेव-उसळ खायला जमता ना, तेव्हा सांगा. “मे महिन्यात टीव्हीवर निघालेली यादी माझी होती. पोरीला उगाच बोलणी बसली.” ज्याने उपदेश केला त्याच्याकडे बघून सांगा. आपल्याला ते का आवडतात याचं स्पष्टीकरण देत बसू नका, त्यानेच थट्टेला खतपाणी मिळतं. ते हसतील. एखाद्या चिकण्या हिरोचं नाव तुम्हाला चिकटेल आणि काही रविवार टिकेल. नंतर त्यातलाच कुणी बाजूला घेऊन “मीही बघतो रे” म्हणेल, अशी गोड आशा मी दाखवणार नाही. म्हणेलही, नाहीही. तुमच्या मुलीने मेपासून जे निमूट सोसलंय त्यापुढे एका प्लेटीवरची चेष्टा फार नाही.

आता तो प्रश्न, जो तुम्ही विचारायला कचरलात पण पत्रभर त्याच्या कडेकडेने चाललात. ४६ वर्षांच्या माणसाने सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचं प्रेम बघत बसण्यात काही वावगं आहे का? माझ्या मते सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे. पिक्चर बघताना तुम्ही स्वतः त्या वयाचे होता, की आजच्या वयाच्या डोळ्यांनी त्या मुलींकडे बघता? हे बाहेरून कुणाला कळत नाही, तुमचं तुम्हाला कळतं. दुसरं असेल तर ते या सदरात मिटणारं नाही. समुपदेशकाशी प्रत्यक्ष बोलायला हवं. तुमच्या पत्रावरून मला पहिलं वाटतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी गरब्यात नऊ रात्री समोर येत राहिलेली आणि जिच्याशी एक वाक्यही बोलणं झालं नाही अशी मुलगी तुम्ही दोन ओळींत उरकलीत, पण लिहिलीत. ती आठवण तुमची आहे. तिचा हिशोब घरात कुणाला द्यायची गरज नाही. फक्त तिच्याशी बायकोची तुलना करू नका. न घडलेल्या गोष्टीला कधी गॅस सिलिंडर संपल्याचं सांगावं लागत नाही, त्यामुळे ती कायम छान दिसते.

आणि या पिक्चरांत तुम्हाला नेमकं काय मिळतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंय: “दिवसभर माझा फोन वाजला की कुठेतरी काहीतरी बंद पडलेलं असतं. इथे शेवटी सगळं नीट होणार, हे आधीच माहीत असतं.” हा सगळा प्रकार उभाच त्यावर आहे. भेट, गैरसमज, ताटातूट, मग धावाधाव आणि समेट. शेवट काय, यासाठी तो कुणी बघत नाही. तिथवर कसे पोचतात ते बघायचं असतं. ब्रेकडाउनच्या पाठीमागे दिवस घालवणाऱ्याला रात्री हे हवंसं वाटलं, यात मला सोडण्यासारखं काही दिसत नाही.

तुमच्यासारखेच पण कुणावर काही न ढकललेले जे वाचक असतील, हॉस्टेलातले, नवे संसारी किंवा निवृत्त, त्यांनी उठून जाहीर करत सुटायची गरज नाही. खासगी ठेवणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. नेटफ्लिक्सच्या एका अकाउंटमध्ये पाच प्रोफाइल करता येतात, प्रत्येकाला वेगळी पिन लावता येते, बघितलेलं नाव यादीतून काढताही येतं. खुशाल वापरा. तुम्हीही स्वतःचं वेगळं प्रोफाइल कराच, मुलीला तिचं मिळेल. मात्र ‘बायकोमुळे बघावे लागतात’, ‘बहिणीने लावला होता’ ही ठरलेली वाक्यं सोडा. तुमच्या मेमधल्या वाक्याचीच ती लहान भावंडं आहेत. कुणी थेट विचारलंच तर “बघितलाय, चांगला आहे,” असं सांगावं, एखाद्या मारधाडीच्या पिक्चरबद्दल सांगतो त्याच आवाजात. ‘हसू नका हं’ अशी सुरुवात केली की लोक हसतातच. आणि गटात दुसऱ्या कुणाची अशी थट्टा चालली असेल तर आपलं गुपित फोडलं नाही तरी चालेल, हसण्यात सामील होऊ नका.

राहिली सवय. बदलायची असेल तर वेळ बदला. रात्री दीड-दोनपर्यंत जागून सकाळी सातच्या शिफ्टला चालू मशीनपाशी उभं राहणं धोक्याचं आहे, पिक्चर कुठलाही असो. अख्खा पिक्चर सुट्टीच्या आदल्या रात्री बघा. मधल्या वारी फारच वाटलं तर पाऊण तास, मग बंद. उरलेला दुसऱ्या दिवशी. शेवट तुम्हाला माहीतच असतो.